औषधांची परस्परक्रिया आणि संगणकाची स्मृती



स्वतंत्रपणे घेतले असता हितकारक ठरणारे औषध दुसऱ्या औषधाच्या संगतीत अपायकारक होऊ शकते. या दृष्टीने लिथियमचे उदाहरण बोधप्रद आहे. उन्मादाच्या विकारावरील त्याचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी दाखवून दिला. मात्र रक्तातील त्याचे उपकारक प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार थोडे असते.

समजा, बेळगावचा एखादा रुग्ण बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत उपचार घेऊन लिथियमच्या गोळ्यांसह घरी परततो. काही दिवसांनी गुडघे दुखू लागतात, म्हणून तो दुकानातून आयबुप्रोफेन आणतो. पुढे रक्तदाबासाठी गावचे डॉक्टर लघवी वाढवणारी, थायाझाइड वर्गातील गोळी देतात. या दोन्ही औषधांमुळे मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडण्याची क्रिया मंदावते. ते रक्तात साठते. हात कापू लागतात, तोल जातो, शुद्ध हरपू लागते. यातील प्रत्येक औषध आपापल्या ठिकाणी योग्यच होते. पण तिन्ही औषधे एकत्रितपणे कोणाच्याच नजरेखालून गेली नव्हती.

पाच औषधांच्या १० जोड्या होतात, दहा औषधांच्या ४५. इतक्या जोड्यांचे गुणदोष ध्यानात ठेवणे मनुष्याला कठीण. संगणकाला मात्र ते सहज साधते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे होमर वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘हेल्प’ या रुग्णालयीन संगणकव्यवस्थेत १९७० च्या दशकातच औषधयोजना तपासून धोक्याचा इशारा देण्याची सोय होती.

आपल्या देशात एकच औषध अनेक व्यापारी नावांनी विकले जाते. म्हणून संगणकाला प्रथम त्या नावामागील मूळ द्रव्य ओळखावे लागते. त्यानंतरच जोडी तपासता येते. शिवाय रुग्णाची नोंद एका ठिकाणी असावी लागते. कर्नाटकात २०२० साली सुरू झालेली ‘ई-मानस’ ही मानसिक आरोग्याच्या नोंदींची व्यवस्था या दिशेने टाकलेले एक पाऊल होय. निम्हान्स आणि बंगळूरची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था यांचा तिच्या घडणीत वाटा आहे.

तथापि यंत्राच्या मर्यादा विसरून चालणार नाही. क्षुल्लक कारणासाठी ते वारंवार इशारे देऊ लागले, तर डॉक्टर त्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि खरा धोकाही त्या गर्दीत नजरेआड होतो. म्हणून इशाऱ्यांची तीव्रतेनुसार निवड करणे अगत्याचे असते. दुसरे असे, की जे सांगितले तेवढेच संगणकाला कळते. चिठ्ठीवाचून आणलेली वेदनाशामक गोळी त्याच्या नोंदीत नसते.

यास्तव घरातील सर्व औषधे, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवणे आणि चालू औषध आपल्या मनाने बंद न करणे, हे रुग्णाचे कर्तव्य ठरते. यंत्राची स्मृती विशाल असली, तरी तिचा आरंभ त्या पिशवीपासूनच होतो.