कै. अण्णा : एक कुटुंबवत्सल दुकानदार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे, त्यांना पुण्याची सारी नारायण पेठ ‘अण्णा’ म्हणूनच ओळखीत असे. त्याच नावाने आम्ही त्यांचे स्मरण करतो. वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते आपणांतून गेले. पुरुषांच्या कपड्यांचे एक लहानसे दुकान त्यांनी साठांहून अधिक वर्षे चालविले. मानाची पदे त्यांनी भूषविली नाहीत, की मोठी संपत्तीही मिळविली नाही. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या त्यांच्या दुकानाविषयी.

पुण्याच्या दुकानदारांची वामकुक्षी हा थट्टेचा विषय आहे. अण्णांच्याही दुकानाच्या फळ्या एकच्या ठोक्याला लागत. पण त्या झोपेसाठी नव्हेत. सव्वा वाजता घरी माजघरात पंगत बसे. मातोश्री, धाकटे दोघे भाऊ, भावजया, मुलेबाळे आणि दुकानातील कारागीरदेखील त्या पंगतीस असत. सर्वांची ताटे वाढून झाल्यावाचून अण्णा घासास हात लावीत नसत. एकदा आम्ही म्हणालो, “अण्णा, या तीन तासांत चार गिऱ्हाइके परत जातात.” ते हसून म्हणाले, “मास्तर, गिऱ्हाईक चार वाजता पुन्हा येते. मुले एकदा मोठी झाली, की लहान होऊन पुन्हा पंगतीला येत नाहीत.”

व्यवहारात मात्र ते काटेकोर होते. १९५६ च्या कायद्यान्वये पुढे वाराच्या जागी मीटर आला, तेव्हा अडीच वारांच्या सदऱ्यास सव्वादोन मीटर कापड देण्याची सोयीची रीत काही ठिकाणी पडली. अडीच वार म्हणजे ९० इंच. सव्वादोन मीटरांत ते सुमारे दीड इंचाने कमी भरतात. अण्णा ते दीड इंच मोजून देत. “बाह्या आखूड झाल्या, तर दोष शिवणाऱ्याच्या माथी येतो,” असे ते म्हणत.

त्यांची खरी कसोटी लागली ती १२ जुलै १९६१ रोजी. पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पाण्याने नदीकाठच्या पेठा बुडविल्या. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. ही हकीकत पुढे त्यांच्याच तोंडून ऐकली. घरातील माणसांना उंचावरील आप्तांकडे पोहोचविताना अण्णांनी दुकानातून एकच वस्तू उचलली, ती म्हणजे मापांची वही. ठाणे, यंत्रे आणि लोकांनी शिवावयास टाकलेले कापड पाण्याने नेले. पुराकडे बोट दाखवून ते मोकळे झाले असते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु वहीत ज्यांची नावे होती, त्यांना ते शोधीत गेले. कित्येकांची तर घरेच उरली नव्हती. प्रत्येकास कापडाचे मोल चुकते करण्यासाठी वहिनींनी आपल्या पाटल्या काढून दिल्या. दहा वर्षांनी हाती चार पैसे आले, तेव्हा शेजारचा गाळा घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला. अण्णांनी प्रथम पाटल्या घडविल्या. गाळा हातचा गेला, तो गेलाच.

बंधुभगिनींनो, मृताचे केवळ गुणच सांगावेत अशी रीत आहे. पण अण्णांना ते आवडले नसते. आपल्या थोरल्या मुलीची शाळा मॅट्रिकपूर्वीच थांबवून त्यांनी तिचे लग्न लावून दिले. ती वर्गात पहिली येत असे. “पंगतीत सर्वांना सारखे वाढले, आणि पाटी मात्र तिच्याच हातून काढून घेतली,” असे ते उतारवयात आमच्याजवळ एकदा म्हणाले. त्या वेळी त्यांचा स्वर कापत होता.

२००५ साली कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. मुलींकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊन दुकान मुलांच्या नावे करावे, असे हितचिंतकांनी सुचविले. अण्णांनी मुले, मुली, सुना व जावई यांस दुपारच्या पंगतीलाच बोलाविले आणि जेवणे झाल्यावर सर्वांसमक्ष सांगितले, “वाढताना मी डावे-उजवे केले नाही, तर वाटताना का करू? एकदा चुकलो, ते पुरे.” चौघांचे चार सारखे भाग झाले. धाकट्या मुलास ते प्रथम रुचले नाही. परंतु अण्णांच्या अखेरच्या आजारात चौघांनी रात्री वाटून घेऊन उशाशी बसावे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सुई-दोरा हे आपले वडिलोपार्जित साधन. आज तयार कपड्यांनी आणि घरबसल्या खरेदीने आपली दुकाने ओस पडत आहेत, हे खरे. पण दुकान ओस पडण्यापूर्वीच गाळ्याच्या वाटणीवरून भावाशी भाऊ बोलत नाही आणि बहिणीस माहेर परके होते, अशी घरे आपल्या ज्ञातीत थोडी नाहीत. या सभागृहातही ती असतील. त्यांस आमची हात जोडून विनंती एवढीच, की सही घेण्यापूर्वी बहिणीस एकदा जेवावयास बोलवावे आणि तिचे ताट वाढल्यावाचून आपण घास घेऊ नये. पुढचे आपोआप सुचेल.

कै. अण्णांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.