बाळाच्या हालचाली आणि स्वमग्नता



मूल पाचव्या-सहाव्या वर्षी शाळेत येते, तेव्हा आम्हां शिक्षकांची व त्याची गाठ पडते. हाक मारली असता वळून पाहात नाही, इतर मुलांत मिसळत नाही, पेन्सिलच बोटांत गरगर फिरवीत बसते, असे एखादे मूल वर्गात आले म्हणजे आम्ही त्याच्या आईवडिलांस बोलावून घेतो. उत्तर बहुधा ठरलेले असते : 'ह्याचे काकाही उशिराच बोलू लागले, येईल हळूहळू.' ह्या 'हळूहळू'मध्ये मेंदू झपाट्याने घडण्याची वर्षे निघून गेलेली असतात. ही अवस्था बोलण्याच्या वयाआधीच, बाळाच्या हालचालींवरून ओळखता येईल काय, ह्या प्रश्नाविषयी आज मला बोलावयाचे आहे.

ह्या अवस्थेस आपण स्वमग्नता म्हणतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर ह्या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध करून तिचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यात एक बारीकशी नोंद आहे. आपण उचलून घ्यावयास वाकलो की तान्हे मूल अंग सावरून, खांदे उचलून तयार होते. ह्या मुलांनी तसे केले नव्हते, असे आयांनी सांगितले होते. आयांचे डोळे किती तीक्ष्ण असतात पाहा! परंतु दुर्दैव असे की, पुढे दोषाचे बोट आयांकडेच वळले. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असे झाले, हे मत कित्येक वर्षे विद्वानांतही मिरवत होते. बर्नार्ड रिमलंड ह्यांनी १९६४ साली त्याचे खंडन केले, तरी १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी त्याच मताचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे आजही सासरची मंडळी हेच निराळ्या शब्दांत सुनेस ऐकवितात.

१९९८ साली फ्लॉरिडा विद्यापीठातील फिलिप टाइटलबॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम प्रसिद्ध केले, ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. पुढे स्वमग्न ठरलेल्या सतरा मुलांच्या, ती तान्ही असतानाच्या घरगुती चित्रफिती त्यांनी मिळविल्या आणि इतर बाळांच्या चित्रफितींशी ताडून पाहिल्या. निजणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे ह्या पायऱ्या आपल्या घरांतल्या आजीबाईंसही तोंडपाठ असतात. परंतु आजी विचारते, 'पालथा पडला का?' टाइटलबॉम ह्यांनी विचारले, 'कसा पडला?' हे 'कसे' कागदावर उतरविण्यासाठी त्यांनी इस्राएलमधील नोआ एश्कोल व अब्राहम वाखमान ह्यांची लिपी घेतली. ती मूळची नृत्याशी निगडित, १९५८ साली प्रसिद्ध झालेली. भातखंडे ह्यांच्या स्वरलिपीने गाण्याचे जे केले, तेच ही लिपी अवयवांच्या गतीचे करते.

पालथे पडण्याचेच उदाहरण घ्या. सुमारे सहा महिन्यांचे बाळ उताणे असता वळते, तेव्हा आधी कंबर, मग धड, शेवटी खांदे व डोके अशी पिळवटत जाणारी गती दिसते. जणू स्क्रू फिरतो आहे. त्या मुलांपैकी काही मात्र कुशीवर होत, डोके व कंबर वर उचलीत आणि ओंडका लोटावा तशी एकसंध कोसळत. एखादे मूल बसल्या जागी कलंडले तरी हात पुढे करून स्वतःला सावरीत नसे. एखाद्याचे रांगणे एका बाजूस लंगडे असे. अशा खुणा चौथ्या ते सहाव्या महिन्यांपासूनच दिसत होत्या. चार महिन्यांच्या अंगात जे दिसते, त्यास आईच्या स्वभावाचे फळ कसे म्हणावे?

इथे मात्र थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीही अशाच घरगुती चित्रफिती तपासल्या. त्यांना स्वमग्न मुलांत अशा विचित्र हालचाली इतरांहून अधिक आढळल्या नाहीत. ज्यांचा विकासच एकंदरीने मंद होता, ती मुले हालचालींत सर्वांत मागे होती. पुढे २०१२ साली बाल्टिमोरच्याच केनेडी क्रीगर संस्थेतील संशोधकांनी एक साधी परीक्षा केली. स्वमग्न मुलांची धाकटी भावंडे सहा महिन्यांची असता त्यांना हात धरून उताण्याचे बसते केले. पुढे स्वमग्न ठरलेल्यांपैकी शेकडा ९० जणांची मान अंगाबरोबर न येता मागे राहिली होती. परंतु ज्यांच्यात पुढे कोणताच दोष निघाला नाही, त्यांतही शेकडा ३५ जणांची मान तशीच मागे राहिली होती! तेव्हा एका खुणेवरून निदान करू पाहणे धोक्याचे. आणि ही ओढण्याची परीक्षा घरी करू नये. ते काम जाणत्याच्या हातचे आहे.

घरी करावयाचे ते इतकेच. बाळाला दिवसातून काही वेळ जमिनीवर, सतरंजीवर मोकळे सोडावे आणि पाहावे. आता घरोघरी खिशात कॅमेरा आहे. वाढदिवसाच्या केकची शंभर छायाचित्रे निघतात, त्यांत पालथे पडण्याची एखादी मिनिटभराची चित्रफीत कोणी घेत नाही. ती घेऊन ठेवावी. मान धरण्यास उशीर, सदैव एकच बाजू वापरणे, पडताना हात पुढे न येणे, असे दिसले तर ती चित्रफीत बालरोगतज्ज्ञास दाखवावी. कारण स्वमग्नता नसली, तरी दुसरे काही असू शकते, आणि त्यावरही उपाय करावाच लागतो. पुढे नजरेस नजर न देणे, बोट दाखवून वस्तू न मागणे ह्या खुणांकडेही लक्ष असू द्यावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अठराव्या व चोविसाव्या महिन्यांत प्रत्येक मुलाची ह्या दृष्टीने चाचणी घ्यावी असे सांगते.

आपल्याकडे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. अंगणवाडीतील बाईंकडे चौकशी केली असता तेथवरची वाट कळते. डॉक्टरांनी 'तीन वर्षांचा होईपर्यंत थांबा' असे सांगितले आणि आईच्या मनास ते पटले नाही, तर तिने त्या केंद्रात मूल दाखवून घ्यावे. चित्रफीत सोबत न्यावी, आणि ती कोणत्या महिन्यातली आहे हे सांगावे.