खातं लेकीचं, किल्ली कोणाकडे?

कोणी भाकरी थापत असेल, कोणी कापूस वेचत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज मुलांच्या अभ्यासाच्या टॅबबद्दल बोलायचं आहे. टॅब चांगला की वाईट, हा वाद नको. टॅब घरात आला की त्यात पहिल्यांदा एक खातं उघडावं लागतं, ते कोणाचं आणि कसं, एवढंच आजचं बोलणं.

लाडक्या बहिणीची ई-केवायसी आठवते ना? २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, आणि गावोगाव बायांची धांदल उडाली. आधारला जोडलेला नंबर कोणाचा, तर दिराचा. नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. पैसे आपल्या नावाचे, पण ओटीपी दुसऱ्याच्या खिशात! टॅबच्या खात्याचंही तसंच होतं. फरक इतकाच, की मुलांच्या बाबतीत ते दोन वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे टॅब येतो तो बहुतेक दोन वाटांनी. काही शाळांमध्ये टॅब आहेत. ते शाळेचे, वर्गातच राहतात. दुसरी वाट महाज्योतीची. नागपूरची ही सरकारी संस्था इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी योजना चालवते. दहावी पास होऊन अकरावीला विज्ञान घेतलं आणि निवड झाली, की जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेट. कापसाच्या घरातल्या मुलीला कोटा-लातूरची फी कुठून परवडणार? तिच्यासाठी हा टॅब म्हणजे क्लासच आहे.

तर टॅब चालू केला, की तो आधी जीमेलचं खातं मागतो. घरात कोणाला जमत नाही. मग आपण काय करतो? तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानात जातो. दुकानदार पाच मिनिटांत खातं काढून देतो. तो काही वाईट माणूस नसतो, पण त्याच्यासमोर रांग असते. जन्मसाल टाकतो मनाला येईल ते. नंबर टाकतो स्वतःचा, कारण ओटीपीसाठी थांबायला वेळ नाही. पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांना एकच. आपण पैसे देतो आणि टॅब काखोटीला मारून घरी येतो.

आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या मुलीचं असंच खातं होतं. बारावीपर्यंत छान चाललं. मग टॅब पडला, दुरुस्तीला गेला, कोरा होऊन परत आला. त्यानं जुनं खातं विचारलं. पासवर्ड आठवेना. ओटीपी गेला दुकानदाराच्या नंबरवर, आणि दुकानदारानं तो नंबर केव्हाच सोडलेला. परीक्षेच्या फॉर्मला तोच ईमेल दिलेला होता. मुलगी आठ दिवस अभ्यास सोडून रडत बसली. दोन वर्षांच्या नोट्सचे फोटो त्या खात्यातच राहिले. ते काही परत मिळाले नाहीत.

म्हणून म्हणते, हे खातं नुसतं व्हिडिओ बघायचं नाही. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. महाडीबीटीची शिष्यवृत्ती ऑनलाइन, सीईटी ऑनलाइन, नीटचा फॉर्म ऑनलाइन. नीट घेणारी संस्था तर माहितीपत्रकातच सांगते, की ईमेल आणि मोबाईल नंबर विद्यार्थ्याचा किंवा आईवडिलांचाच द्या, कारण सूचना त्यावरच येतात.

आता करायचं कसं? दुकानात जा, मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात ठेवा.

सगळ्यात मोठी गोष्ट नंबरची. खात्याला जोडायचा नंबर आईचा द्या. मी मुद्दाम आईचा म्हणते. बाप कामाला सुरत-नाशिकला जातो, तिथे सिम बदलतो. भाऊ नवी ऑफर आली की सिम बदलतो. आई सहसा बदलत नाही. पण तो नंबर जिवंत ठेवायला हवा. ९० दिवस सिम वापरलंच नाही तर ते बंद होऊ शकतं, आणि पुढे तोच नंबर कंपनी दुसऱ्या माणसाला देते. मग आपल्या लेकीचा ओटीपी जाईल कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर. किराण्याच्या यादीत रिचार्ज धरा. आणि नंबर बदलावाच लागला, तर जुना बंद व्हायच्या आधी खात्यात नवा टाका. आधी नवा कुलूप, मग जुनं काढायचं.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची. वय वाढवून टाकलं, की मोठ्यांना दाखवायच्या जाहिराती आणि व्हिडिओ लहान मुलासमोर येतात. गूगलचं स्वतंत्र खातं आपल्याकडे १३ वर्षांनंतर काढता येतं. त्याहून लहान असेल तर आईबापानं आपल्या खात्याला जोडून काढून द्यायचं असतं. त्याला फॅमिली लिंक म्हणतात. म्हणजे पाचवीतल्या मुलाचं खातं काढायचं तर आधी आईचं खातं हवं. काढा की मग! यानिमित्तानं आपलंही होईल. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यातही १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला आई किंवा वडिलांची संमती लागेल असं म्हटलंय. आई किंवा वडील. नीट ऐका, त्यात आई आहे.

नाव दाखल्यावर आहे तसंच. ईमेलचा पत्ताही साधा, नाव आणि दोन-तीन आकडे. पोरं काहीतरी ‘किंग’, ‘क्वीन’ लावतात. तोच पत्ता उद्या कॉलेजच्या फॉर्मवर लिहायचा आहे, हे त्यांना सांगा.

पासवर्ड मुलीनंच ठरवायचा. मोबाईल नंबर नको, जन्मतारीख नको. आपल्याच बोलीतले तीन-चार शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले, इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायचे. लांब असला की फोडायला अवघड आणि आपल्याला आठवायला सोपा. खात्यात दुहेरी सुरक्षा चालू केली, तर गूगल दहा राखीव आकडे देतो. फोन हाती नसेल तेव्हा त्यातला एक आकडा टाकून आत जाता येतं. एकदा वापरला की तो संपला. हे सगळं वहीत लिहा आणि वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. कोणी म्हणेल, कागदावर लिहिणं धोक्याचं. असेल शहरात. आपल्या घरात कागद चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरण्याचा धोका पुष्कळ मोठा आहे, असं माझं मत आहे. पण त्या पानाचा फोटो काढून कोणाला पाठवू नका, आणि टॅबच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवू नका.

आता जरा नाजूक बोलते. बऱ्याच घरांत बहिणीचा पासवर्ड भावाकडे असतो. “तुला काय कळतं, मी बघतो.” त्याचा हेतू चांगलाही असेल. पण भांडण झालं की तो पासवर्ड बदलतो, आणि हिचा अभ्यास बंद. आपल्या गटाच्या खात्यावर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, बरोबर? का लागतात, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. लेकीच्या खात्याचंही तसंच ठेवा. पासवर्ड तिच्याकडे, नंबर आणि वही आईकडे. आईनं रोज उठून तिचे मेसेज वाचायचे, असा याचा अर्थ नाही. सतरा वर्षांच्या मुलीवर पहारा ठेवला तर ती दुसरं खातं काढेल, आणि ते आपल्याला कळणारही नाही. काही त्रास झाला तर ती आधी आपल्याकडे यावी, इतपत बोलणं घरात असू द्या.

आणि लग्न ठरलं, की वहीतलं ते पान तिच्याबरोबर जाऊ द्या. भांडीकुंडी देतो, हेही द्या. तिथे गेल्यावर नंबर तिचा स्वतःचा टाकायचा. खातं तिच्या शिक्षणाचं आहे. गुणपत्रिका, दाखले, अर्ज सगळे त्यात. मात्र दोन वर्षं ते उघडलंच नाही, तर गूगल बंद पडलेलं समजून पुसून टाकू शकतो. अधूनमधून उघडायला सांगा.

शाळा कधी कधी स्वतः खातं देते, पत्त्यात शाळेचं नाव असलेलं. ते वर्गातल्या अभ्यासापुरतं वापरावं. पासवर्ड विसरला तर शाळा बदलून देते, हा त्याचा फायदा. पण ते शाळेच्या ताब्यात असतं आणि मूल शाळा सोडून गेलं की बंद होऊ शकतं. महत्त्वाचे दाखले तिथे ठेवू नका.

शाळेचा टॅब परत करताना मुलानं आपलं खातं त्यातून काढून द्यायचं. न काढता कोणी तो कोरा केला, तर टॅब पुन्हा जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि पुढच्या मुलाच्या हातात नुसती काळी पाटी राहते. मास्तरांनाही हे सांगून ठेवा.

ओटीपी कोणालाच सांगायचा नाही; शाळेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. कोणी फसवून पैसे काढले तर लगेच १९३० ला फोन लावा. मुलाला किंवा मुलीला कोणी टॅबवरून त्रास देत असेल तर १०९८, तो नंबर मुलांसाठीच आहे. हे दोन्ही आकडे आत्ताच वहीत लिहून घ्या. येत्या बैठकीला ज्यांच्या घरी टॅब आहे त्यांनी टॅब आणि आपला फोन दोन्ही घेऊन या. कोणाचं खातं कोणाच्या नंबरवर आहे, ते एकेक करून बघू. नमस्कार.