बेकर स्ट्रीट: धूर सोसलेलं स्टेशन

आगगाडी जमिनीखालून न्यायची म्हटलं, तर इंजिनाचा धूर जायचा कुठं? लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे बांधली गेली, तेव्हा हा प्रश्न पुरता सुटलेला नव्हता. तरी गाडी सुरू झाली, कारण वरच्या रस्त्यांवरची कोंडी त्याहून असह्य होती.

बाहेरगावच्या गाड्या शहराच्या कडेला थांबत. तिथून पेढ्या-कचेऱ्यांपर्यंत जायचं, तर घोडागाड्यांच्या गर्दीत तिष्ठत राहायचं. लंडन सिटी कॉर्पोरेशनचे वकील चार्ल्स पिअर्सन वर्षानुवर्षं भुयारी रेल्वेसाठी झटत होते. कामगारांनी दाटीवाटीच्या वस्त्या सोडून मोकळ्या हवेत राहावं आणि गाडीनं कामावर यावं, ही त्यांची तळमळ. इंजिनिअर होते जॉन फाउलर. बांधण्याची रीत सरळ होती: रस्ता उकरायचा, खोल चर खणायचा, त्यावर विटांची कमान चढवायची आणि वर पुन्हा रस्ता करायचा. जून १८६२मध्ये फ्लीटचा मोठा नाला फुटून कामात पाणी घुसलं. सप्टेंबरात पिअर्सन वारले. गाडी धावताना पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

१० जानेवारी १८६३ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे ६ किलोमीटरचा मार्ग लोकांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी ३८ हजारांच्या आसपास उतारू आले.

मार्गावरच्या सात स्टेशनांपैकी एक बेकर स्ट्रीट. तिथले आजचे ५ आणि ६ नंबरचे फलाट त्या वेळचेच. वर विटांची रुंद कमान, आणि दोन्ही भिंतींत ओळीनं तिरके वर गेलेले झरोके. दिवसाचा उजेड खाली उतरावा म्हणून त्यांना आतून पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. इंजिनाची वाफ टाकीतल्या पाण्यात सोडून थंड करत आणि सुरुवातीला कोळशाऐवजी कोक जाळत. वाफ आवरली, धूर काही आवरला नाही.

लोकांनी मात्र पाठ फिरवली नाही. पहिल्या वर्षभरात सुमारे ९५ लाख प्रवास झाले. १८६४मध्ये कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त भाड्याच्या गाड्या निघाल्या. पिअर्सन यांचं म्हणणं निदान तेवढं तरी खरं ठरलं. वीज आली १९०५मध्ये. म्हणजे तब्बल ४२ वर्षं लंडनकरांनी तो धूर गिळला. वेळेवर पोचवणारी गाडी मिळाली, की माणूस खोकत का होईना, तिकीट काढतोच!