उद्योजकतेचा तास आणि कारखानदार
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उद्योजकतेच्या शिक्षणाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच भाग घेणार आहे. ज्यांनी प्रत्यक्ष धंदा केला त्यांना शिकवण्याच्या कामात कसे घ्यावे आणि घेतल्यावर त्यांच्याकडून नेमके काय शिकून घ्यावे, एवढाच.

बारावीच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकात ‘उद्योजकता विकास’ नावाचे प्रकरण आहे. मुले ते पाठ करतात. उद्योजक जोखीम पत्करतो, त्याला दूरदृष्टी असते, तो नवनिर्मिती करतो, असे लिहून गुण मिळवतात. पुस्तकाचा यात दोष नाही. परंतु आपल्या भिवंडीत हे प्रकरण शिकवले जात असताना शेजारच्या गल्लीत मागांची खटखट चालू असते, आणि त्या आवाजाचा आणि फळ्यावरच्या व्याख्येचा काही संबंध आहे, हे मुलाला कोणी सांगत नाही.

आपण उद्योगातील माणसांना शाळेत बोलावत नाही असे नाही. स्नेहसंमेलनाला बोलावतो. शाल घालतो, गुलदस्ता देतो. पाहुणे सांगतात की मी शून्यातून वर आलो, मेहनत करा, मोठ्यांचा मान राखा. मुले टाळ्या वाजवतात. पाहुणे सज्जन असतात, बोलतात तेही खरे असते. पण त्यांनी पहिला माल कोणत्या भावाने विकला, तो भाव कसा ठरवला, पैसे किती महिन्यांनी हाती आले, यातले एक अक्षर मुलांच्या कानावर पडत नाही. आपण त्यांच्याकडून कामयाबी ऐकून घेतो आणि हिशेब मागायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की कामयाबी थोडी कमी ऐकू, हिशेब मात्र पुरा मागू.

हिशेब म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. कापडाच्या एका इंचात बाण्याचे ५२ धागे, म्हणजे ५२ पीक आहेत असे समजू. मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे एक मीटर कापडाला सुमारे २,०४७ पीक लागतात. साधा माग मिनिटाला १५० पीक मारत असेल तर मीटरला साडेतेरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो. बारा तासांच्या पाळीत माग एकदाही न थांबता चालला तर पावणेत्रेपन्न मीटर कापड निघेल. पण माग थांबतो. ताणा तुटतो, कांडी संपते, वीज जाते. तीन तास थांबला की साडेएकोणचाळीस मीटर. आता व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्याला पिकाला १० पैसे मिळतात असे धरा. मीटरला ५ रुपये २० पैसे झाले. तीन तासांच्या खोळंब्याने एका मागामागे सुमारे ६८ रुपये गेले. २४ मागांच्या कारखान्यात एका पाळीला सोळाशेहून अधिक.

हे गणित आठवीच्या मुलाला येते. गुणाकार, भागाकार आणि शेकडेवारी याखेरीज त्यात काही नाही. परंतु माग नेमका कशाने थांबतो, स्वस्त सूत घेतल्याने बचत होते की तुटीत ती निघून जाते, जुना माग दुरुस्त करावा की विकावा, याचे उत्तर आपल्या गणिताच्या शिक्षकांजवळ नाही. ते गल्लीतल्या मागवाल्याजवळ आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे कितीतरी साधे माग भंगारात गेले. ते का गेले, कोणाचे टिकले आणि कशामुळे टिकले, हा मुलांच्या अभ्यासाचाच विषय आहे. आज गावाभोवती गोदामे उभी आहेत आणि आपली मुले तिथे माल उतरवण्याच्या कामाला लागत आहेत. त्या कामात कमीपणा नाही. पण ज्याला हिशेब येतो तो तिथेही उद्या वाहतुकीचा किंवा पॅकिंगचा ठेका घेण्याचा विचार करील.

दुसरी गोष्ट उधारीची. नफा कागदावर असतो आणि पैसा बाजारात अडकलेला असतो. पुष्कळ धंदे तोट्याने नव्हे, उधारीने बसतात. लहान उद्योगाच्या मालाचे किंवा कामाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ सालापासून आहे. त्यासाठी नोंदणी लागते, कागद लागतो. बिल तोंडी असेल तर कायदा काय करणार? दलालाची चिठ्ठी आणि पक्के बिल यांतला फरक वर्गात दाखवायचा तर ते दोन कागद हातात घेऊन दाखवणारा माणूस हवा.

आपल्या कारागीर समाजात उस्ताद आणि शागिर्द ही परंपरा जुनी आहे. उस्तादाने हुनर मनापासून दिला. खरेदी-विक्रीचा हिशेब मात्र बहुधा घरातच ठेवला, मुलाला दिला, शागिर्दाला दिला नाही. म्हणून उत्तम हात असलेला कारागीर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या सुतावर विणत राहिला. शाळेला ही उणीव भरून काढता येईल, कारण शाळेत कोणाचा मुलगा कोण हा प्रश्न नसतो.

ज्ञान आणि व्यापार एका माणसाच्या ठायी नांदू शकत नाहीत, अशी एक समजूत आहे. इमाम अबू हनीफा, ज्यांचे निधन हिजरी १५० म्हणजे इसवी सन ७६७ मध्ये झाले, ते कूफा शहरातले कापडाचे व्यापारी होते आणि शागिर्दांना शिकवीतही होते. भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले, तेव्हा त्यांनी ती रक्कम दान करून टाकली, असे चरित्रकार सांगतात. कोरे कापड तपासून विकणाऱ्या आपल्या गावाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता अडचणींकडे येऊ. कारखानदाराला शिकवता येईलच असे नाही. तो विषय सोडून बोलेल, फळ्याकडे पाठ करून उभा राहील. म्हणून शिक्षकाने वर्गात त्याच्या शेजारी बसावे, प्रश्न विचारावेत, उत्तराचे गणित फळ्यावर मांडावे. शिक्षकाला बाहेर पाठवून पाहुण्याच्या हाती वर्ग देणे म्हणजे दोघांचा अपमान. शिवाय आपला भाव प्रतिस्पर्ध्याच्या मुलासमोर उघडा करायला कोणी तयार होणार नाही. तिथे चालू सालाऐवजी पाच वर्षांपूर्वीचा हिशेब चालेल.

याहून नाजूक अडचण वेगळी आहे. आपल्या एकाच वर्गात मागमालकाचा मुलगा बसतो आणि माग चालवणाऱ्याचाही बसतो. खर्चाच्या यादीत वीज, सूत, भाडे आणि मग ‘मजुरी’ अशी ओळ येते. एकाला ती कमी करण्याची बाब वाटेल. दुसऱ्याच्या घरी त्या ओळीवर चूल पेटते. मालक पुढे उभा असताना हा मुलगा तोंड उघडणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की या तासाला केवळ मालक बोलावू नयेत. जॉबर यावा, सायझिंगवाला यावा, दलाल यावा, वीस वर्षे माग चालवलेला कामगार यावा. मुलींच्या वर्गाला घरी शिलाईचे चार मशीन टाकून रेडीमेडचे काम घेणारी बाई यावी. तिच्याइतका काटेकोर हिशेब मोठ्या शेटजींकडेही सापडायचा नाही. मजुरी कमी न करता खर्च कोठे वाचतो, हा प्रश्न या सर्वांपुढे ठेवावा.

नियम आडवे येतात असे म्हणायलाही आता जागा उरलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभारांसारख्या स्थानिक कारागिरांजवळ काम शिकण्याची सूचना केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये, आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांना नेहमीच्या पदवीची अट न घालता ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमण्याची मुभा उच्च शिक्षण संस्थांना दिली. मोठ्या महाविद्यालयांत यातून कंपन्यांचे निवृत्त अधिकारी येतील. आपल्याला त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. आपली माणसे चालत येण्याच्या अंतरावर आहेत.

तेव्हा संस्थेला माझी विनंती अशी. जूनचे वेळापत्रक होण्यापूर्वी नववीसाठी आठवड्यातून एक जोडतास राखून ठेवावा आणि वर्षभराच्या पाहुण्यांची यादी करावी. पाहुण्याला मानधन द्यावे, थोडे का होईना. कामगाराची तर तेवढ्या वेळाची रोजी बुडते. शाल देऊ नये. आणि येताना गेल्या महिन्याचे विजेचे बिल, सुताचे एखादे बिल आणि अजून वसूल न झालेल्या एका उधारीचा कागद, नाव झाकून, बरोबर आणायला त्यांना सांगावे.