इंग्रजीचा अभ्यास आणि विद्यार्थ्यांचे स्वावलंबन
(विद्यार्थी व पालक यांच्या सभेत दिलेले भाषण)



इंग्रजी शिकावी की न शिकावी, हा वाद मी येथे उपस्थित करणार नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांतून 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच ती शिकविली जाते. तरीही दहा वर्षे हा विषय शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात पाऊल ठेवतो, विज्ञानाचा ग्रंथ उघडतो आणि पहिल्याच पानावर अडखळतो. असे का व्हावे? त्याच्या अंगी बुद्धी नाही म्हणून? मुळीच नाही. त्याला प्रश्नांची उत्तरे शिकविली गेली. भाषा शिकण्याची रीत शिकविली गेली नाही.

सधन घरचा मुलगा ही उणीव खाजगी शिकवणीने भरून काढतो. ज्यांच्या घरी ती सोय नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी अभ्यासातील स्वावलंबन ही शोभेची वस्तू नसून निकडीची गरज आहे.

स्वावलंबन म्हणजे शिक्षकाला रजा देणे नव्हे. आंरी ओलेक या फ्रेंच अभ्यासकाने युरोप परिषदेसाठी या विषयावर लिहिलेले पुस्तक 1981 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते स्वतःच्या अभ्यासाची जबाबदारी घेणे म्हणजे पाच गोष्टी स्वतः करणे: ध्येय ठरविणे, काय शिकावे ते निवडणे, पद्धत निवडणे, प्रगतीवर नजर ठेवणे आणि अखेरीस आपल्या कामाची पारख करणे. हे सामर्थ्य जन्मजात नसते, ते संपादन करावे लागते, असेही ते सांगतात. म्हणूनच शिक्षकाचे काम कमी होत नाही, ते बदलते.

एक उदाहरण घ्या. ‘मी दहा वर्षांपासून येथे राहतो’ हे वाक्य आपला विद्यार्थी ‘आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टेन इयर्स’ असे करतो. ही चूक अडाणीपणाची नाही. मराठीचा ‘पासून’ हा एकच शब्द इंग्रजीतील ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या दोहोंचे काम करतो, तेथे तिचे मूळ आहे. शिक्षकाने तांबड्या शाईने रेघ ओढली, तर ती चूक उद्या पुन्हा होईल. त्याऐवजी ‘सिन्स 1956’, ‘फॉर टेन इयर्स’ अशी सहा शुद्ध वाक्ये फळ्यावर लिहावी आणि भेद मुलांनीच शोधावा. एक शब्द आरंभाचा क्षण सांगतो, दुसरा काळाची लांबी सांगतो, हे ज्याने स्वतः हुडकले, तो ते सहसा विसरत नाही.

आता विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे वळतो. पुस्तक निवडताना त्यातील एक पान वाचा. पन्नास शब्दांत एखादाच शब्द अडला, तर ते पुस्तक एकट्याने वाचण्याजोगे आहे. पाच-सहा अडले, तर ते तूर्त बाजूस ठेवा. सोपे पुस्तक हाती घेण्यात कमीपणा नाही. नवा शब्द वहीत एकटा लिहू नका, तो ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासह लिहा. एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 साली दाखवून दिले की, शिकलेले बरेचसे आपण पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरतो. तेव्हा ते वाक्य दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा पाहा. आज मोबाईल क्षणात भाषांतर करून देतो. त्याचा उपयोग जरूर करा. परंतु आधी स्वतःचे वाक्य लिहा आणि मग ताडून पाहा. आधीच त्याच्यापुढे हात पसराल, तर गाईड गेले आणि यंत्र आले, एवढाच फरक पडेल.

मातापित्यांनी ‘आम्हांला इंग्रजी येत नाही’ म्हणून मागे सरू नये. रोज अर्धा तास घरात शांतता राखणे आणि ‘आज काय वाचलेस, ते मराठीत सांग’ असे विचारणे, एवढे केले तरी पुष्कळ आहे. जे समजले नाही ते मुलाला सांगता येणार नाही, आणि आपले कोठे अडले हे त्याचे त्यालाच कळेल. वस्तीतील चार-पाच मुलांनी विहारात एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासल्या, तर शिकवणीचा खर्चही वाचेल.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केली. पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांवर त्यांनी केलेले कामही आज त्यांच्या समग्र लेखनात छापलेले आहे. ज्ञानाचे दार बंद केले गेले, तेव्हा कोणी ते उघडील म्हणून ते उंबऱ्यावर बसून राहिले नाहीत.

विद्यार्थीमित्रहो, आज शाळेचे दार उघडे आहे. परंतु आत जाऊनही दुसऱ्याच्या उत्तरांवर विसंबून राहाल, तर तो प्रवेश नावापुरताच ठरेल. आपला अभ्यास आपल्या हाती घ्या, एवढीच माझी विनंती आहे.