फिट आली तर…
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून सगळे आठवणी सांगताहेत. माझीही एक आहे. तुमच्यापैकी अनेकांना ती आठवत असेल, पण माझ्यासमोर आजवर कुणी काढली नाही.

नववीत असताना प्रार्थनेच्या रांगेत मी कोसळलो. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून आणला, कुणी हातात किल्ल्या दिल्या. दातखीळ उघडायला कुणीतरी चमचा घातला आणि माझा पुढचा दात तुटला. माझा कुणावरही राग नाही. सगळे माझ्यासाठीच धडपडत होते. पण फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळतं!

आपल्या मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी सूक्ष्म संदेशांवर काम करतात. त्यांत अचानक गोंधळ उडाला की फिट येते. हे भुताखेताचं काम नाही, वेड नाही आणि हा संसर्गजन्य रोगही नाही. गुरुजनांना एक सांगतो. प्रत्येक फिट पाडणारी नसते. वर्गात काही क्षण शून्यात बघत राहणारं मूल दुर्लक्षच करतंय असं नाही, तीही फिट असू शकते.

कुणाला फिट आली तर एवढंच करा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला सारा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. गळ्याजवळचं बटण सोडा. दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, मार लागला, पाण्यात आली, गरोदर बाईला आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर 108 ला फोन करा. पूर्ण भान येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. जवळ बसून राहा.

आमच्या घरी माझा आजार लपवला, कारण ताईचं लग्न ठरायचं होतं. दोन वर्षं देवऋषाकडे गेली. मग मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. फक्त गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. लग्नाचं म्हणाल, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराची आडकाठी होती, ती 1999 मध्ये काढून टाकली. कायदा सुधारला, आपली सोयरीक जुळवणारी माणसं अजून सुधारायची आहेत. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसून ‘संवेदना फाउंडेशन’ हा अपस्मारग्रस्तांचा मदतगट उभा केला. तिथे माणसं आपला आजार उघडपणे बोलतात. मीही आज तेच करतोय.

त्या दिवसानंतर माझ्या बाकावर बसायला कुणी तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकजण दप्तर घेऊन आला आणि म्हणाला, “सरक की लेका.” तो आज समोर दुसऱ्या रांगेत बसलाय. गड्या, दात नंतर बसवून घेतला, पण त्या दिवशी तू शेजारी बसला नसतास तर मी शाळाच सोडली असती.